विषय: पार्ल्याचं गळकं बेसिन

मंडळी, नमस्कार.
कोजागरीच्या डब्यांच्या चर्चेत मध्येच घुसतोय, माफ करा. पार्ल्याला आईबाबांच्या बाथरूममध्ये गेल्या महिन्यात नवं बेसिन बसवलं, तेव्हापासून खाली बादली आहे. प्लंबर तीनदा आला. नळ सोडायचा, खाली हात फिरवायचा, "अंकल, सब सुका है" म्हणून निघायचा. तिसऱ्यांदा जाताना नटाभोवती व्हाइट सिमेंट थापून गेला. आई म्हणते, माझ्या वेळी थेंब गळत नाही, यांची दाढी झाली की सुरू. म्हणजे खापर बाबांवर! इकडे प्लायचं कपाट फुगायला लागलंय. काही सुचतंय का?

---

एम-सील लावा. ठाण्याला सासऱ्यांनी लावलंय, चार वर्षं झाली.

---

ताई, एम-सील नको हो. उद्या बॉटल ट्रॅप, म्हणजे बेसिनखालचा बाटलीसारखा भाग, साफ करायला उघडायचा म्हटलं तर छिन्नी लागेल.
आणि तुझी आई बरोबर बोलतेय. एकच सांग, बाबा बूच लावून बेसिन काठोकाठ भरतात का?

---

काका, अगदी तसंच! सकाळी पाणी जाण्याआधी ते बेसिन भरून ठेवतात. पण हे तुम्हाला कसं कळलं?

---

अरे, बेसिनला वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचं भोक असतं ना, त्यातलं पाणी चिनी मातीच्या आतल्या पोकळीतून खाली वेस्ट कपलिंगपाशी, म्हणजे बेसिनच्या तळाच्या भोकात बसवलेल्या आखूड नळीपाशी येतं. तिथून आत शिरायला कपलिंगला बाजूने खाच लागते. तुमच्याकडे बहुतेक बिनखाचेचं बसवलंय. मग पाणी पोकळीत साठतं आणि खालच्या वॉशरकडून टपकतं. नुसता नळ सोडला तर पाणी त्या भोकापर्यंत चढतच नाही, त्यामुळे प्लंबरला कोरडंच दिसणार. तो खोटं बोलत नव्हता.

खात्री करून घे. बाबांना खालचं सगळं पुसून प्रत्येक जोडाला टिश्यू गुंडाळायला सांग, मग बेसिन भोकापर्यंत भरू दे. बूच काढण्याआधीच बेसिनच्या बुडाशी, नटाजवळचा टिश्यू भिजला तर हेच. बूच काढल्यावर खालचा भिजला तर मात्र ट्रॅपचा वॉशर बघावा लागेल.

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे ३२ मिमीचं, म्हणजे सव्वा इंची, खाचेचं कपलिंग मागायचं. जुनं सिमेंट पूर्ण खरवडून काढा. ते जरा हललं की तडकतं. खालचा रबरी वॉशर निमुळता असेल तर निमुळती बाजू वर. खाचेतून पाणी आट्यांवरही उतरतं, म्हणून नटाच्या जागी टेफ्लॉनचे चार-पाच वेढे आणि वॉशरला थोडं सिलिकॉन. खाच मात्र मोकळी राहू दे! नट हाताने आवळून वर पान्याने पाव फेरा, जास्त नको, बेसिनला तडा जाईल. आणि एक दिवस वापरू नका. बाबांना हे सांगणं तुझ्याकडे लागलं.

---

काका, टिश्यू नटापाशीच भिजला. बाबांनी स्वतः दुकानात जाऊन खाचेचं कपलिंग आणलं, आणि व्हिडिओ कॉलवर मी प्लंबरला तुमची मेल वाचून दाखवली. काल-आज बेसिन काठोकाठ भरून बघितलं, खाली कोरडं. जुनं कपलिंग प्लंबर घेऊन निघाला होता, बाबांनी दारातून परत मागून घेतलं. पितळेचं आहे म्हणे. माळ्यावर गेलंय.