'अफोर्डेबल लक्झरी'ला मराठीत काय म्हणाल?

गिरगावकर: वडाळ्यातल्या एका गृहप्रकल्पाचं माहितीपत्रक मराठीत करतोय. मथळा 'अफोर्डेबल लक्झरी'. 'परवडणारा ऐषाराम' लिहिलं, तर एजन्सीचं म्हणणं, म्हाडाची जाहिरात वाटते. 'आवाक्यातला विलास' फारच नाटकी. उद्या छपाईला जायचंय, कृपया सुचवा.

मृदुला_पार्ले: शब्द सापडणार कसा, मुळात हा वदतोव्याघात आहे, एक शब्द दुसऱ्याला खोडतो. जीएसटीच्या २०१९च्या व्याख्येत मुंबईतलं अफोर्डेबल घर म्हणजे ६० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत. तुमच्या पत्रकात किंमत किती छापलीय?

गिरगावकर: छापलेली नाही. 'ऑन रिक्वेस्ट' आहे.

ऐरोलीवाला: वदतोव्याघात कशाला? विरोधाभास म्हणा. आमच्याकडे आयटीत 'सर्व्हरलेस' शब्द रोजचा. सर्व्हर असतातच, डेटा सेंटरमध्ये रॅकचे पंखे इतके घोंघावतात की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. पण प्रोग्रॅमरला ते सांभाळावे लागत नाहीत, कोड चालेल तेवढंच बिल येतं. विरोध वरवरचाच.

मृदुला_पार्ले: सर्व्हरलेसपुरतं मान्य. 'नो कॉस्ट ईएमआय'चं काय? व्याज असतंच, तेवढी सूट दाखवून ते झाकतात. वर क्रेडिट कार्डावर त्या व्याजाचा १८ टक्के जीएसटी आपल्याच माथी. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलंय. याला अलंकार म्हणायचं?

लालबागचे_नाना: उलटं बोलणं मराठीला नवं नाही. आमच्या आजोबांचं किराण्याचं दुकान होतं. रात्री फळ्या लावताना 'दुकान वाढवलं' म्हणायचे. 'बंद केलं' असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. नारळ फोडायचा तोही 'वाढवायचा'. निघताना आपण 'येतो' म्हणतो. भाषा अशीच चालते, कशाला सोवळं पाळायचं?

मृदुला_पार्ले: नाना, 'दुकान वाढवलं' ऐकून कुणी साखर घ्यायला आत शिरत नाही. दोघांनाही अर्थ ठाऊक असतो. 'अनलिमिटेड डेटा'त तो फक्त विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला तळाच्या बारीक अक्षरांत शोधावा लागतो. मला राग याचा आहे.

ऐरोलीवाला: नाना, नारळाचं 'वाढवणं' उलटं कशावरून? संस्कृतात 'वर्ध्' म्हणजे कापणं असाही धातू आहे. सुतार तो 'वर्धकी', त्यावरून हिंदीतला 'बढई'. नारळ वाढवणं तिथूनच आलं असावं असं मला वाटतं.

गिरगावकर: मंडळी, मथळ्याचं कुणी बघेल का?

लालबागचे_नाना: नारळाचं एकवेळ पटेल. पण दुकान कोण कापतं? ते 'वाढवणं' अशुभ टाळायलाच आहे. दिवा विझवताना 'दिव्याला निरोप दिला' म्हणतात ना, तसंच.