शब्दचर्चा : नियम-इंजिनच्या संदर्भात ‘कॉन्फ्लिक्ट’ला काय म्हणावे?

प्रश्न (ऐरोली) : एका पतसंस्थेच्या कर्जमंजुरीच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये ड्रूल्स हे नियम-इंजिन (लिहून दिलेल्या नियमांनुसार निर्णय काढणारे सॉफ्टवेअर) बसवण्याचे काम आमच्याकडे चालू असून देखभालीची पुस्तिका मराठीत करायची आहे. मूळ मसुद्यात ‘कॉन्फ्लिक्ट’ हा शब्द नियमांबाबतही येतो आणि जावा लायब्ररींबाबतही (म्हणजे जावा भाषेतील तयार कोडच्या संचांबाबतही), आणि जुन्या भाषांतरात दोन्हीकडे ‘संघर्ष’ आहे. परिणामी अ‍ॅप्लिकेशन सुरूच होत नसेल तेव्हा सहकारी ‘संघर्ष-निवारण’ हे प्रकरण उघडतात आणि तिथे त्यांना नियमांच्या क्रमाची माहिती मिळते. वेगळे शब्द सुचवावेत.

प्रतिसाद (ठाणे) : या दोन गोष्टींत नावापलीकडे काहीही समान नाही. नियम-इंजिनमध्ये एकाच वेळी अनेक नियमांच्या अटी पूर्ण होतात, तेव्हा त्यांतला आधी कोणता चालवायचा हे ठरवण्याला ‘कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन’ म्हणतात. ही संज्ञा ड्रूल्सहून बरीच जुनी आहे. चार्ल्स फॉर्गी यांनी ज्या काळात रीटी अल्गोरिदम (नियमांच्या अटी जुळवण्याची पद्धत) मांडला, त्या १९७० च्या दशकातील प्रणालींमध्येही ती रुळलेली होती. यात काही बिघडलेले नसते, ही रोजची कार्यपद्धती आहे. ड्रूल्समध्ये प्रत्येक नियमाला ‘सेलियन्स’ म्हणजे अग्रक्रमाचा अंक देता येतो, तो न दिल्यास शून्य धरला जातो आणि ज्याचा जास्त तो नियम आधी चालतो. म्हणून इथे ‘पात्र नियमांचा अग्रक्रम ठरवणे’ असे सरळ लिहावे. ‘संघर्ष’ या शब्दात घासाघीस आहे, दोन पक्ष आहेत. इथे तसे कोणीच नाही.

प्रतिसाद (महापे) : लायब्ररींसाठी मी ‘आवृत्ती-विसंगती’ सुचवेन, आणि वाक्यात ‘मेळ बसत नाही’ हे क्रियापद. समजा, इंजिनला एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती हवी आहे आणि आपल्या अ‍ॅप्लिकेशनमधील दुसऱ्या कुठल्या घटकामागून तिचीच जुनी आवृत्ती आली आहे. लायब्ररी गोळा करून प्रोग्राम बांधणाऱ्या साधनांपैकी मेव्हन या दोहोंतली नवी निवडत नाही, तर अवलंबनांच्या झाडात आपल्या प्रकल्पाला जी जवळची असेल ती घेतो आणि अंतर सारखे असल्यास आधी नोंदवलेली घेतो. ग्रेडल मात्र सहसा सर्वांत नवी उचलतो. इंजिन आधीच कंपाइल होऊन आलेले असल्याने आपला बिल्ड बिनबोभाट पार पडतो आणि प्रत्यक्ष चालवताना ‘नो सच मेथड एरर’ (हवी ती मेथड सापडत नाही, अशी चूक) समोर येते. ही खरी विसंगती. तिचा शोध ‘डिपेंडन्सी ट्री’ (वर म्हटलेले अवलंबनांचे झाड) काढून, नको असलेली आवृत्ती वगळून किंवा हवी ती एकाच ठिकाणी बांधून देऊन संपतो.

दुसरा प्रकार मात्र विसंगती या शब्दात मावत नाही. एकच क्लास (जावा कोडचा एक घटक) दोन क्लासलोडरांनी, म्हणजे क्लास मेमरीत आणणाऱ्या यंत्रणांनी, लोड केला, तर जावाच्या दृष्टीने ते दोन निराळे प्रकार (टाइप) ठरतात, मग आवृत्ती अगदी एकच का असेना. ‘अमुक प्रकार अमुक प्रकारात बदलता येत नाही’ असा संदेश येतो आणि दोन्ही जागी नाव तेच दिसते. नाव एक, कूळ वेगळे. टॉमकॅट हा वेब-सर्व्हर जेएसपीसाठी (जावा कोड असलेल्या वेबपानांसाठी) एक्लिप्सचा कंपाइलर स्वतःबरोबर आणतो आणि ड्रूल्सही नियमांतील जावा कोडसाठी तोच वापरतो, त्यामुळे सर्व्हरच्या फोल्डरमध्ये त्याची एक जार (लायब्ररीची फाइल) आणि अ‍ॅप्लिकेशनमध्ये दुसरी, अशा वेळी दोन्ही बिघाडांची शक्यता तपासावी लागते. एकच क्लास असा दोनदा लोड होण्याला मी ‘दुबार लोड’ म्हणेन. ‘द्विरुक्ती’ नको, ती व्याकरणाची आहे.

प्रश्नकर्ती : ‘दुबार लोड’ घेते, मतदारयादीतल्या ‘दुबार नावां’मुळे तो शब्द सर्वांना ओळखीचा आहे. ‘लायब्ररी’चे काय करावे? एका सहकाऱ्यांनी ‘ग्रंथालय’ सुचवले आहे.

प्रतिसाद (ठाणे) : कृपया नको. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय उभे आहे, ‘ग्रंथालयाची आवृत्ती जुनी आहे’ हे वाक्य इथल्या वाचकाला भलतीकडेच नेईल. ‘लायब्ररी’ आणि ‘जार’ तसेच ठेवावेत. ‘एम्बेड’ला तुम्ही प्रश्नात वापरलेले ‘बसवणे’ पुरेसे आहे, ‘अंतःस्थापित’ची गरज नाही, फक्त इंजिन वेगळी सेवा म्हणून चालवले, तर ‘जोडणे’ लिहावे, कारण तेव्हा दोघांचा क्लासपाथ (क्लास शोधण्याच्या जागांची यादी) वेगळा राहतो आणि पुस्तिकेतील विसंगतीचे प्रकरण बहुतांशी लागू होत नाही.

प्रश्नकर्ती : मग मथळे असे करते : ‘नियमांचा अग्रक्रम’, ‘लायब्ररींची आवृत्ती-विसंगती’ आणि ‘दुबार लोड झालेले क्लास’. यांपैकी शेवटची दोन प्रकरणे पुस्तिकेत आधी घेते, कारण अ‍ॅप्लिकेशन सुरूच झाले नाही तर पहिल्याचा उपयोग नाही.