बोअरचं पाणी: १६ की ७१?

*शुक्रवार*

बी-३०४: सचिव साहेब, बोर्डावर पाण्याचा रिपोर्ट लावलाय. "नायट्रेट १६, मर्यादा ४५, पिण्यायोग्य." मी काल नायट्रेट तपासायची रंग बदलणारी पट्टी बुडवली, रंग ५० आणि १०० च्या मधला आला. तान्ह्या बाळाचं पावडरचं दूध कुठल्या पाण्यात कालवायचं, कोणी नीट सांगेल का?

सचिव: ताई, रिपोर्ट मान्यताप्राप्त लॅबचा आहे. ऑनलाइन मागवलेल्या पट्टीवरून ग्रुपवर घबराट पसरवू नये, ही नम्र विनंती.

सी-२०२: टीडीएस ४८० आहे. ५०० च्या आत. विषय संपला.

ए-१०२: काका, तुमच्या मीटरवर बीपी पण येतं का?

डी-१०३: रिपोर्ट झूम करून बघा. नायट्रेटच्या पुढे बारीक अक्षरात "एन म्हणून" लिहिलंय. म्हणजे त्यातला फक्त नायट्रोजन मोजलाय. भारतीय मानक १०५०० मधली ४५ ची मर्यादा अख्ख्या नायट्रेटची आहे, तीही सवलत न देता. एनवरून नायट्रेट काढायला ४.४३ ने गुणायचं. १६ × ४.४३ = ७१ मिलिग्रॅम प्रतिलिटर. पट्टी बरोबर आहे. एनच्या आकड्याशेजारी मर्यादा १० च्या आसपास छापायला हवी होती, ४५ नाही.

ए-१०२: १६ ला पास आणि ७१ ला नापास. आमच्या शाळेत उलटं होतं.

सचिव: लॅबने दिलं ते आम्ही लावलं. कमिटीत कोणी केमिस्ट नाही, मानधनही नाही.

डी-१०३: रोख तुमच्यावर नाही हो. पण तो कागद आज रात्रीच काढा.

बी-३०४: उकळून चालेल?

डी-१०३: मुळीच नाही. उकळल्यावर जंतू मरतात, नायट्रेट तिथंच राहतं. पाणी आटतं तेवढं उलट दाट होतं. यूव्ही, कँडल, तुरटी, मिठाचा सॉफ्टनर, यातल्या कशानेच जात नाही. आरओने बरंचसं जातं, पण त्यातला टीडीएस कंट्रोलर म्हणजे कच्चं पाणी बगल देऊन परत मिसळणारा स्क्रू. चव यावी म्हणून मेकॅनिक तो सैल करून जातो. तो पूर्ण बंद करा, दोन-तीन लिटर पाणी सोडून द्या, मग आरओच्या पाण्यात पट्टी बुडवा. पट्टी ६० सेकंदांनी वाचायची, पाच मिनिटांनी नाही. डबीवरची तारीख आणि आकडे एनचे की नायट्रेटचे, हेही बघा.
बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर तोवर महापालिकेचं उकळून गार केलेलं पाणी वापरा. बोअरचं किंवा मिसळलेलं नको. ओठ-नखं निळसर दिसली तर एक मिनिट न थांबता डॉक्टर.

सी-२०२: पण टीडीएस ४८० आहे.

ए-६०१: काका, टीडीएस म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज. त्या ४८० मध्ये ७१ सहज लपतात. बेरजेवरून पिशवीत कांदे किती हे कसं कळणार?
सचिव साहेब, सॅम्पल कुठून घेतलं होतं?

सचिव: गच्चीवरच्या टाकीतून. शनिवारी वॉचमनने बाटली भरली, सोमवारी लॅबचा माणूस घेऊन गेला.

ए-६०१: आणि बाटली दोन दिवस?

सचिव: केबिनमध्ये.

ए-१०२: चहाच्या शेगडीजवळ.

ए-६०१: मग त्या आकड्यावरही भरवसा नको. उबेत जिवाणू नायट्रेट खातात, किंवा अमोनियाचं नायट्रेट करतात. शिवाय टाकीत तीन बोअर आणि टँकर एकत्र. कुठली बोअर खराब, ते त्यातून कधीच कळणार नाही.

बी-५०१: सगळं टँकरवाल्याचं पाप आहे.

ए-६०१: टँकरही शेतातल्या विहिरीवरच भरतो. विहीर उसाला लागून असेल तर त्यातही खताचं नायट्रेट असू शकतं. टाकीत सोडण्याआधी व्हॉल्व्हवर पट्टी लावा आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहा. बोअरचं रविवारी असं करू:
तिन्ही बोअरना पंपाच्या लगेच पुढे, टाकीच्या आधी, सॅम्पलचा नळ आहे. तिथूनच घ्यायचं. सहा इंची बोअर २०० फूट, पाणी ८० फुटांवर, म्हणजे उभ्या पाण्याचा खांब १२० फूट, साधारण ६७० लिटर. तेवढं तीनदा निघायला हवं, म्हणजे २००० लिटर. आपला पंप तासाला ३५०० देतो, म्हणून ३५ मिनिटं. शेवटी दर पाच मिनिटांनी मीटर लावायचं. तीन वाचनं जुळली की बाटली भरायची. काकांचं मीटर इथे कामाला येईल.
प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा, आत हवा नको. बाटलीवर बोअर नंबर, तारीख, वेळ. बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी लॅबला. लॅब उघडी आहे का ते शनिवारीच विचारा.

डी-१०३: लॅबला लेखी सांगा की निकाल "नायट्रेट म्हणून" द्या. सोबत क्लोराइड आणि अमोनियाही मागा. जंतूंची तपासणी करायची तर निर्जंतुक बाटली वेगळी, ती लॅबच देते.

खजिनदार: तीन बोअर म्हणजे तीनपट फी. दोन वर्षं थकबाकी न भरणारे आधी बोलतील का?

बी-५०१: नाव घ्या ना, हिंमत असेल तर.

ए-१०२: नायट्रेटपेक्षा थकबाकी जास्त विरघळलीय.

सी-२०२: माझा मुद्दा एवढाच, टीडीएस ४८० आहे.

डी-४०४: क्लोराइड कशाला, ताई?

डी-१०३: नायट्रेटबरोबर क्लोराइडही चढलं असेल तर सांडपाण्यावर संशय. नायट्रेट एकटंच चढलं असेल तर खतावर. एवढ्यावर निकाल द्यायचा नाही, पण कुठे खोदून बघायचं ते ठरतं.

ए-६०१: माझा पहिला संशय दोन नंबरच्या बोअरवर. एसटीपीपासून, म्हणजे आपल्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेपासून, ती ४० फुटांवर, केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातला पाइप, जेमतेम २० फूट, आणि केसिंगभोवती सिमेंट भरलेलं नाही. वरचा मुरूम पाझरतो, खाली काळा खडक भेगांचा. वरचं पाणी केसिंगच्या बाहेरून सरळ आत उतरतं.

सचिव: एसटीपीचा रिपोर्ट उत्तम आहे. बीओडी ८.

ए-६०१: बीओडी म्हणजे पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचं माप; तो उत्तम असला तरी नायट्रेट असू शकतं. हवा सोडून आपण अमोनियाचं नायट्रेटच करतो. ते पुढे वायू करून सोडायला बिनहवेचा टप्पा लागतो, तो आपल्या एसटीपीत नाही. तेच पाणी लॉनवर, लॉन बोअर दोनच्या डोक्यावर. त्यावर माळीदादा युरिया.

ए-१०२: तरीच जास्वंद इतकी माजलीय.

ए-६०१: हसण्यावारी नेऊ नका. एसटीपीच्या पाण्याखेरीज बोअरचं ७१ चं १०,००० लिटर पाणी लॉनला दिलं की त्यातूनच १६० ग्रॅम नायट्रोजन जातो, म्हणजे साडेतीनशे ग्रॅम युरिया. रोज देतो, म्हणजे महिन्याला दहा किलो. वर ४५ किलोची गोणी कशासाठी?

बी-७०३ (बाग समिती): बागेवर टीका करणाऱ्यांनी एक दिवस पाइप धरून दाखवावा.

ए-६०१: टीका नाही, वहिनी. युरिया बंद करा, गवत हिरवंच राहील.

खजिनदार: टाकीत महापालिकेचं पाणी जास्त सोडलं तर फी वाचेल ना?

डी-१०३: मिसळता येतं, पण हिशोबाने. समजा बोअर ९० निघाली आणि पालिकेचं ५. निम्मं-निम्मं केलं तर ४७.५, तरी नापास. एकाला दोन केलं तर ३३. बोअरचा आकडा मेअखेर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बदलतो, पावसाने मातीतलं धुऊन खाली नेलेलं असतं. दोन्ही वेळा मोजल्याशिवाय प्रमाण ठरवू नका. म्हणजे फी वाचणार नाही, दुप्पट होईल.

सचिव: ठीक. रविवारी सकाळी ७. दोन नंबरची बोअर आजपासून फक्त फ्लशच्या टाकीला जोडली जाईल.

*रविवार*

वॉचमन केबिन: बोअर १ चालू, ७:०५. मीटर ४९२.

सी-२०२: टीडीएस ५०० च्या आत आहे.

बी-५०१: पाणी माझ्या पार्किंगमध्ये येतंय. पाइप फ्लशच्या टाकीत टाकायचा ठरलं होतं ना?

ए-६०१: पाइप निसटलाय, लावतोय. पंप बंद करू नका, अजून अठरा मिनिटं.