लॉनच्या ‘एज’ला काय लिहू? बाबा धार लावायला बसले!

सदाफुली:
न्यू जर्सीत राहते, बाबा कराडहून सहा महिन्यांसाठी आलेत आणि हात स्वस्थ बसत नाहीत. फुटपाथवर पसरलेलं गवत कापायचा विजेचा एजर आहे, नको म्हटलं तरी वापरणारच म्हणून सूचना मराठीत लिहून गॅरेजात चिकटवल्या. त्यात लिहिलं ‘धार दर पंधरा दिवसांनी नीट करावी’. ऑफिसातून येऊन बघते तर बाबा पातं काढून कानशीने घासतायत! म्हणे तूच लिहिलंयस. अगो त्या पात्याला धार नसतेच, बोथटच असतं, झिजून आखूड झालं की बदलायचं. प्लग काढून ठेवलेला होता हे नशीब. तर धार नको, मग कड, काठ की किनार?

बांधावरचा:
कड. काठ नदीला नि साडीला. मशीनचं काम म्हणजे आमच्याकडचं बांध कोरणं, फक्त आम्ही शेजाऱ्याच्या बाजूने कोरतो आणि मग दोन पिढ्या कोर्टात 😀

सदाफुली:
हे बाबांना वाचून दाखवणार नाही, शेजारी चांगले आहेत.

देववाणी:
‘तृणसीमाकर्तक’ का नको? सगळ्यांना लगेच इंग्रजीच आठवतं.

बांधावरचा:
वाचून होईस्तोवर बोट जाईल.

देववाणी:
हसा. दिनांक, महापौर हे सावरकरांचे शब्द आज सगळे बिनतक्रार वापरतात.

मिसळपाव_ओहायो:
अहो ते जिभेवर बसणारे होते. शब्द राहू दे, कागदावर वायरचं काही लिहिलंय का? माझं अख्खं लक्ष पात्यावर आणि वायर पुढ्यात, कापलीच मी, सॉकेट टेस्ट-रिसेट बटणवाला होता म्हणून नुसता ट्रिप झाला. तेव्हापासून वायर खांद्यावरून पाठीमागे टाकतो आणि सॉकेटपासून लांब लांब जात काम करतो. एक्स्टेन्शन बाहेर वापरायचीच घ्या, पन्नास फुटाला 14 गेज, शंभरला 12, आकडा कमी तशी तार जाड हे बाबांना आधीच सांगा नाहीतर उलटं करतील. वसंतात पहिल्यांदा कापताना माती घट्ट असते, एकदम दीड इंच घुसवलं की मशीन गुरगुरतं आणि उडतं, आधी उथळ फिरवा मग दुसऱ्या फेरीत खोल. जमीन किंचित ओलसर बरी, पण पाऊस पडून गेल्या गेल्या नको, विजेचं मशीन आहे. स्प्रिंकलरची तोंडं कुठेत ते आधी बघा. आणि बटण सोडलं तरी पातं काही सेकंद फिरतंच.

सदाफुली:
बाबा लेंगा आणि स्लीपरवर उतरतात!! काल बारीक खडा उडून गॅरेजच्या दाराला टण्णकन लागला तेव्हा कुठे चष्मा घातला, तोही वाचायचा. आता बूट, जाड पँट, गॉगल हे लाल पेनने लिहिलंय, आणि चिकटलेला चिखल काढण्याआधी प्लग काढा हे दोनदा.

आजीची_चूल:
कड म्हणजे कंबरेची बाजू पण ना, पोर कडेवर घेतो तीच. म्हणजे लॉनची कंबर कोरायची :) मला तर ‘कोर’ आवडेल, भाकरीची कोर तशी गवताची कोर. इकडे एजिंगचं हाताने मारायचं अर्धगोल पातंही मिळतं, त्याला ते हाफ मूनच म्हणतात. चंद्रकोर की!

बांधावरचा:
चंद्रकोर झकास. पण भाकरीची कोर म्हणजे काठ नव्हे, तुकडा. कोरभर भाकरी, चतकोर भाकरी. काठाला कडाच म्हणतात, कडा करपल्या म्हणतो ना.

आजीची_चूल:
आमच्यात कोर म्हणजे काठाकडचाच तुकडा, मधला कोण मोडतं आधी?

देववाणी:
चतकोर म्हणजे चौथा भाग, वाद नकोच. काठ कुठून आला मधे?

मिसळपाव_ओहायो:
मग नितकोर म्हणजे किती? चतकोराहून लहान ना?

बांधावरचा:
आमच्याकडे नितकोर म्हणजे चतकोराचं अर्धं.

आजीची_चूल:
आमच्याकडे नितकोर म्हणजे वाढणारीचा मूड.

सदाफुली:
बाबांनाच विचारलं शेवटी. म्हणाले, ‘कड तासायची, त्यात विचारायचं काय.’ तासणं लिहू का मग? सुतारकाम वाटेल का? आणि ते नितकोर अर्धं नसतं हो, बाबा म्हणतायत...