विषय: नागपूरच्या घराची फरशी, उद्या सकाळी माणसं येतायत, सही करू का?

त्रिमूर्तीनगर:
मंडळी, गणपतीत सांगितलं होतं तीच फरशी. हॉलमधल्या ११ टाइल्स सुटल्यात, मधल्या दोन तर तंबूसारख्या उभ्या. बाकीच्यांवर नाणं ठोकलं की डबडब वाजतात. बाबा रात्री पाण्याला उठले, ठेच लागून अंगठ्याचं नख निघालं. दुकानदार म्हणतो माल चांगला, मिस्त्री चुकला. मिस्त्री त्यानेच पाठवला होता! आता फुकट बदलून देतो म्हणतो, फक्त आधी एका कागदावर सही हवी. माझं रविवारी विमान आहे.

धरमपेठ काका:
सही नको देऊ बाप्पा. त्यात 'यापुढे तक्रार नाही' असंच असणार. आणि सुटलेल्या टाइल्स त्याला नेऊ देऊ नकोस, तोच तुझा पुरावा आहे. एक पालथी करून बघ. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिते, नुसत्या सिमेंटच्या घोळाला ती धरत नाही, अ‍ॅडहेसिव्ह लागतं. त्यात टाइलला टाइल खेटून लावली आणि भिंतीकडे फट सोडली नाही, तर मे महिन्यात फुगायला जागाच उरत नाही. मग ती उठते.

महालच्या काकू:
उन्हाला कशाला दोष? आमच्या महालातल्या घरात सासऱ्यांनी बसवलेली शहाबादी आहे, एक फरशी हललेली नाही.

धरमपेठ काका:
काकू, शहाबादी दगड आहे, पाणी पितो. म्हणून सिमेंटला धरतो.

कार्यकारिणी:
कृपया असे प्रश्न मदत समितीकडे पाठवावेत.

मनीषनगर ताई:
समितीत मीच आहे, तेव्हा इथेच लिहिते. बिल कोणाच्या नावावर आहे?

त्रिमूर्तीनगर:
बिल कच्चं, त्यावर नाव नाही. पैसे माझ्या खात्यातून यूपीआयने गेले.

धरमपेठ काका:
मग तक्रार तुलाच करावी लागेल. बाबांना जमणार नाही.

मनीषनगर ताई:
जमेल, काका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच धरलाय. बाबा तिथे राहतात, तेव्हा नागपूर जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार दाखल होईल. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार घरबसल्या भरता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५वर नोंदव आणि दुकानदाराला लेखी नोटीस दे. यूपीआयची नोंद, त्याचे व्हॉट्सअ‍ॅप, टाइलचे खोके, सगळं जपून ठेव. मालाची तपासणी लागली तर आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवतो, म्हणून अख्ख्या टाइल्स हव्यात. मिस्त्री त्यानेच दिला, हे मेसेजमध्ये त्याच्याकडून वदवून घे. तेवढं मिळालं की माल आणि काम दोन्ही त्याच्याच गळ्यात.

महालच्या काकू:
आणि बाबांच्या अंगठ्याचं? डॉक्टरचा कागद घेतला का?

त्रिमूर्तीनगर:
घेतला काकू, टिटॅनसचं इंजेक्शनही दिलं.
टाइल पालथी केली. चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, असे सिमेंटचे पाच लाडू, बाकी पाठ कोरी करकरीत. बोटाने खरवडलं तर लाडूही भुगा होऊन सुटला. व्हिडिओ काढलाय. दुकानदाराला विचारलं, मिस्त्री तुमचाच ना? 'हो, आपलाच माणूस आहे' असं उत्तर आलं. सही देणार नाही हे त्याला कळवलं. दोन टाइल्स पेपरात गुंडाळून बाबांच्या पलंगाखाली ठेवल्यात, आणि उठलेल्या जागेवर त्यांना ओलांडता येऊ नये म्हणून दिवाण आडवा लावलाय.