मदत हवी आहे: मिक्सरमधल्या भाज्यांच्या रसाला फेस फार येतो, आणि बीटचा मातकट वास

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांच्या दातांचं मोठं काम सुरू आहे. चावणं सध्या बंद. ताज्या भाज्यांचा रस द्यावा असं घरात ठरलं आणि ते खातं अर्थातच माझ्याकडे आलं. ज्यूसर नाही, मिक्सर आहे, जुना पण दमदार. गाजर, बीट, काकडी, मूठभर पालक आणि आल्याचा तुकडा एकदम टाकते, पेलाभर पाणी घालून फिरवते आणि मलमलच्या फडक्यातून पिळते.

अडचणी अशा: वर दोन बोटं नुसता फेस येतो. सासरे तो मिशीला लागतो म्हणून कुरकुरतात. पाच-दहा मिनिटांत खाली गाळ, वर पाणी असे थर दिसतात. बीटचा मातकट वास आल्यालाही जुमानत नाही. आणि सकाळी घाई असते, म्हणून रात्रीच करून फ्रीजमध्ये ठेवला तर रंग मळकट होतो. तो प्यायला चालतो का?

कोल्ड प्रेस ज्यूसर घ्या असं सगळे सांगतात. पण दातांचं काम संपलं की तो माळ्यावर जाणार हे मला आत्ताच दिसतंय. त्याच्याशिवाय जमेल का? सासऱ्यांना मधुमेह नाही, फक्त रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे.

प्रतिसाद

यंत्र घेऊ नका, मिक्सरवर जमतं. पातं मिनिटाला हजारो फेरे मारतं, त्यात हवा घुसळली जाते, तोच तुमचा फेस. कोल्ड प्रेसचा स्क्रू मिनिटाला साधारण 40 ते 100 फेरे फिरतो, म्हणून त्यात फेस कमी आणि चोथा कोरडा. फरक आहे, पण चार आठवड्यांसाठी त्याची जाळी घासत बसण्याइतका नाही.

सगळं एकदम टाकू नका. आधी काकडी एकटी फिरवा. तिच्यात जवळजवळ 95 टक्के पाणीच असतं, त्यामुळे वरचं पाणी टाकावं लागत नाही आणि रस पाणचट होत नाही. त्या पाण्यात किसलेलं गाजर आणि बीट. सलग फिरवण्यापेक्षा थांबत थांबत झटके द्या. गाळताना फडकं एका दिशेने पिळत न्या आणि शेवटचे थेंब काढायच्या मागे लागू नका, तिथूनच बारीक गाळ उतरतो. रस पाच मिनिटं ठेवला की फेस वर गोळा होतो, चमच्याने काढून टाका. थरांचं मनावर घेऊ नका, ते होणारच. ढवळून द्यायचं.

एक मात्र पाळा: काकडीची फोड आधी चाखून बघा. कडू लागली तर सरळ फेकून द्या, रसात ढकलू नका. दुधी वापरलात तर त्यालाही हेच. तो कडवटपणा कुकुर्बिटासिनचा असतो आणि पोट चांगलंच बिघडवतो.

प्रतिसाद

बीटच्या वासाबद्दल: तो जिओस्मिनचा. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो त्यातही हेच द्रव्य असतं. सालीजवळ जास्त असतं, म्हणून साल जाड काढा, सोलाण्याने नुसती खरवडू नका. आणि लिंबू पिळा. आंबटपणाने जिओस्मिन मोडतं, आलं फक्त त्याच्यावर ओरडतं. लिंबाने रंगही कमी काळवंडतो.

बीट प्यायल्यावर काहींना लघवी लालसर होते. सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरात धावपळ.

प्रतिसाद

फेस, वास राहू द्या. गोळी कोणती ते आधी बघा. वॉरफरिन असेल तर पालक आत्ता थांबवा. पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते नेमकं या गोळीच्या विरुद्ध काम करतं. रोजच्या जेवणातला नेहमीचा पालक धरूनच गोळीचा डोस बसवलेला असतो. एकदम पेलाभर कच्चा रस सुरू केला की गणित बिघडतं. नंतर अचानक बंद केला तरी बिघडतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या काही नव्या गोळ्यांना ही भानगड नसते, पण ते नावावरून डॉक्टरच सांगतील. मूत्रपिंडाचा त्रास किंवा मुतखडा होऊन गेला असेल तर बीटचंही विचारा: पोटॅशियम आणि ऑक्झलेट दोन्ही त्यात आहेत.

धागाकर्ती

बापरे. चिठ्ठी काढून बघितली, वॉरफरिनच आहे. पालक बंद, उद्या डॉक्टरांना फोन करते. किती दिवस पालक दिला तेही सांगते. रात्री करून ठेवण्याचं कुणीतरी बोला, आणि उरलेल्या चोथ्याचं काय करू? टाकवत नाही.

प्रतिसाद

वयस्कर माणसासाठी मी ठेवणार नाही. गाजराचा रस आंबट नसतो, त्यामुळे जंतूंना तो मानवतो. 2006 साली अमेरिका आणि कॅनडात बाटलीबंद गाजराच्या रसातून बोट्युलिझमची विषबाधा झाली होती, आणि बाटल्या नीट थंड राहिल्या नसाव्यात हाच तपासाचा रोख होता. घरच्या एका रात्रीच्या रसाला इतकं घाबरायचं कारण नाही, पण ब्रशने घासून धुतलेल्या भाज्या चिरून डब्यात ठेवणं रात्री करा आणि फिरवणं सकाळी. वेळ जातो तो धुण्या-चिरण्यातच.

खरं तर चावता येत नाही एवढंच कारण असेल तर रसाच्या जोडीला गाजराचं सूप सुरू करा. रसात तंतू जातात, सूपमध्ये राहतात, आणि शिजवून चमचाभर तूप किंवा तेल घातलं की गाजरातलं कॅरोटीन अंगी जास्त लागतं. चोथाही त्यातच शिजवून मिक्सरमधून एकजीव फिरवा. फक्त ते सूप गाळू नका, नाहीतर परत चोथा हातात आणि परत धागा.