सीपीयू थंड, पण मदरबोर्ड 112 अंशांवर. नवीन बोर्ड घ्यावाच लागेल का?

धायरीकर_एडिटर

नमस्कार मंडळी. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. खोली पुण्यात धायरीत, वरच्या मजल्यावर थेट स्लॅबखाली, एसी नाही. मशीन रायझन 7 2700एक्स, बी450 चिपसेटचा स्वस्तातला बोर्ड (कंपनीचं नाव देत नाही, चूक माझीही असेल), 32 जीबी रॅम.

दिवाळीत हौसेनं 240 एमएमचा लिक्विड कूलर बसवला आणि जुना टॉवर कूलर भावाला दिला. सगळे कोअर 4.2 गिगाहर्ट्झवर, व्होल्टेज 1.4. थंडीभर मशीन मस्त पळालं. एप्रिल लागला आणि तमाशा सुरू झाला. एक्स्पोर्ट लावला की दहा-बारा मिनिटं ठीक, मग क्लॉक (सीपीयूचा वेग) धाडकन 550 मेगाहर्ट्झवर. माऊससुद्धा अडखळतो. मिनिटभरानं परत 4.2, परत आपटी. आणि सीपीयू 72 अंशांच्या वर जातच नाही! दुकानदार म्हणाला विंडोज नवीन टाका. टाकली. ढिम्म फरक नाही.

काल तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो प्रोग्रॅममध्ये बरंच खाली गेल्यावर 'व्हीआरएम मॉस' (बोर्डवरचा सीपीयूला वीज देणारा भाग) अशी ओळ दिसली, आकडा 112. सॉकेटशेजारच्या काळ्या हीटसिंकला बोट लावलं तर तव्यासारखा चटका. फोड आलाय. मे महिन्यातली तीन लग्नं डोक्यावर आहेत. काय करू?

पेस्टवाला_पक्या

भावा, थर्मल पॅड (हीटसिंकखालच्या, उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) गेले असणार. स्वस्त बोर्डवर कंपनीचे पॅड दोन-तीन वर्षांत कडक होतात. हीटसिंकचे स्क्रू मागून काढ, जुन्या पॅडची जाडी मोज आणि तेवढ्याच जाडीचे नवीन घाल. जाड घातलास तर हीटसिंक नीट बसणार नाही. आणि पॅडच्या जागी पेस्ट फासू नकोस, तिथली फट पेस्टनं भरत नाही.

निवृत्त_पण_रिकामा_नाही

पक्या, प्रश्न नीट वाचत जा. त्याचं बोट भाजलंय. पॅडचा संपर्क तुटला असता तर आत मॉसफेट (व्हीआरएममधले वीज चालू-बंद करणारे स्विच) तापले असते आणि हीटसिंक कोमट लागला असता. उष्णता हीटसिंकपर्यंत व्यवस्थित पोचतेय, पुढे ती न्यायला कोणी नाही. पॅडला हात लावू नका.

एडिटर, तुमचा टॉवर कूलर दोन कामं करत होता. त्याच्या पंख्याचा वारा सॉकेटच्या आजूबाजूलाही लागायचा. लिक्विड कूलरनं सीपीयूची उष्णता रेडिएटरवर नेली आणि तो वाराही नेला. सॉकेटवर आता फक्त पंप बसलाय.

हिशेब बघा. व्हीआरएम पुरवठ्याचे 12 व्होल्ट उतरवून सीपीयूला 1.4 देतो. सीपीयू 150 वॉट खात असेल तर करंट झाला सुमारे 107 अँपिअर. कार्यक्षमता 88 टक्के धरली तरी 20 वॉट तिथल्या तिथे उष्णता होते. म्हणजे 25 वॉटची सोल्डरिंग आयर्न बोटभर पट्टीखाली लावून ठेवल्यासारखंच. कारखान्याच्या सेटिंगला या चिपवर सुमारे 142 वॉटची मर्यादा असते, हातानं ओव्हरक्लॉक केलं (वेग वाढवला) की ती सुटते.

थंडीत का चाललं? जानेवारीत खोली 21 असेल, आता 38. सतरा अंश इथेच आले. तेव्हा आकडा 95च्या आसपास असणार, फक्त तुम्ही बघितला नाहीत. मॉसफेट स्वतः 125 ते 150पर्यंत सहन करतात, पण बोर्ड त्याआधीच सीपीयूचा गळा दाबतो. तेच तुमचे 550. मला काळजी शेजारच्या कपॅसिटरची जास्त वाटते. पॉलिमर प्रकारात 20 अंश वाढले की आयुष्य साधारण दहा पटींनी घटतं.

आता करा एवढंच: 4.0 गिगाहर्ट्झ, 1.3 व्होल्ट. वीज व्होल्टेजच्या वर्गानं आणि क्लॉकच्या प्रमाणात चालते, त्यामुळे दोन्ही मिळून सुमारे 18 टक्के वाचेल. लोड-लाइन कॅलिब्रेशन (भार आला की पडणारं व्होल्टेज सावरणारी सेटिंग) सर्वांत वरच्या पायरीवर ठेवलं असेल तर मधल्यावर आणा. दोनशे मेगाहर्ट्झसाठी बोर्ड जाळण्यात काय हशील?

टू_व्हीलरवरून_कॅबिनेट

काकांशी सहमत. एक विचारतो, रेडिएटर पुढे आहे की वर?

धायरीकर_एडिटर

पुढे, हवा आत घेतो. लोड-लाइन खरंच सर्वांत वर होतं, कुठल्यातरी व्हिडिओत बघून ठेवलं होतं 🙈

टू_व्हीलरवरून_कॅबिनेट

मग बोर्डला सीपीयूचीच गरम हवा मिळतेय. वर जागा असेल तर तिथे हलव, हवा बाहेर टाकेल असा. नसेल तर तापकीर गल्लीतून 80 एमएमचा साधा पंखा आण आणि केबल टायनं असा बांध की वारा थेट त्या हीटसिंकवर येईल. जाळी-धूळही काढ, फक्त ब्लोअर मारताना पंख्याची पाती धरून ठेव. माझा एक पंखा उलटा गरगरून बेअरिंगसकट गेला होता.

धायरीकर_एडिटर

अपडेट. वर जागा नाही, रॅमला अडतो. शनिवारी गल्लीतून पंखा आणला, बांधला. काकांचं 4.0 आणि 1.3 लावलं, लोड-लाइन मधल्या पायरीवर. तोच प्रोजेक्ट, तोच एक्स्पोर्ट: व्हीआरएम 84, क्लॉक एकदाही पडला नाही. आधी थंडीत 41 मिनिटं लागायची, आता 43.

निवृत्त_पण_रिकामा_नाही

किती वाजता मोजलंत?

धायरीकर_एडिटर

रात्री साडेदहाला.

निवृत्त_पण_रिकामा_नाही

दुपारी चारला मोजा. स्लॅब तेव्हा तापलेला असतो.

धायरीकर_एडिटर

मोजलं काका. 89. चाललं. फक्त पंख्याची घरघर कॅबिनेटभर घुमते, आईला वाटलं फ्रीज बिघडला.

टू_व्हीलरवरून_कॅबिनेट

टायखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाल, पत्र्याला थेट लागू देऊ नकोस.